अकरावा दात

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथला हायवेकडून येताना गाव लागायच्या थोडं आधी डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड आहे. वर 'धम्मपाल ऑटो वर्क्स' अशी पाटी, एका ओळीत मराठी, खालच्या ओळीत तेलुगू. तेलुगूतलं एक अक्षर रंगाऱ्यानं खाऊन टाकलेलं होतं. त्यामुळे गाडी घेऊन येणारा प्रत्येक शिकलेला माणूस आधी पाटी दुरुस्त करून घ्या म्हणून सांगायचा आणि मग गाडीचं बोलायचा. धम्मपाल मान हलवायचा. पाटीला हात लावायचा नाही हे त्यानं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, कारण त्याला इथं राहायचंच नव्हतं.

डिप्लोमा झाल्यावर तो सात वर्षं पुण्यात होता. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं लॅपटॉपवर जुळवून देणाऱ्या एका वर्कशॉपात. कंपनीनं दिलेला इंजिनचा मेंदू काढून टाकायचा, त्याजागी बाहेरून आणलेला कंट्रोलर बसवायचा आणि इंजिनला अगदी पहिल्यापासून शिकवायचं: पेट्रोल किती प्यायचं, ठिणगी कधी टाकायची. धम्मपालला हे जमायचं. जमायचं म्हणजे नुसतं येत नव्हतं, त्यात त्याचा जीव रमायचा. वर्कशॉप बंद पडलं, तो बोथला परतला आणि ट्रॅक्टरचे सायलेन्सर आणि मोटारसायकलींच्या क्लच प्लेटा बदलू लागला. चार वर्षं झाली. बायको प्रतिभा मंडल ऑफिसात, म्हणजे आपल्याकडच्या तहसिलात, क्लार्क होती, घर नीट चाललं होतं, कुणाला कसलीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या एकट्याच्या पोटात, आणि ती दिवसेंदिवस वाढत होती.

आणि मार्चमध्ये हैदराबादच्या साहेबांनी ती जीप पाठवली.

साहेबांचं हैदराबादला इंजिन जुळवायचं मोठं वर्कशॉप होतं. पुण्यातल्या ओळखीनं धम्मपालचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. जुनी पेट्रोलची जीप, चार सिलिंडरचं इंजिन, सोबत खोक्यात नवा कंट्रोलर, वायरींचं भेंडोळं आणि सेन्सरांची पिशवी. "महिना देता मैं," साहेब फोनवर म्हणाले होते. "सेन्सर बिठाओ, सेटिंग करो, गाडी चलाके दिखाओ. टाइमिंग का तक्ता मेरा है, उसकू हाथ नक्को लगाओ. तक्ता सही है. तुम्हारा काम सही रहा तो गाडी मक्खन चलती. फिर नया शेड खोल रहा मैं, वो तुम सँभालो." आणि शेवटी एक वाक्य, जे धम्मपालनं नंतर कितीदा तरी मनात घोळवलं: "गलती सबसे होती, मियाँ. ढूँढ के बतानेवाला आदमी होना मेरेकू."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. प्रतिभा हसली, म्हणाली, "लग्नाच्या वेळेस बी तुमी येवढे खुस नव्हते." खरं होतं ते.

आता ठिणगीचं हे प्रकरण थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. पिस्टन वर येतो, अगदी माथ्याला पोचायच्या जरा आधी ठिणगी पडली पाहिजे. फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच स्फोट होतो, इंजिन टकटक करतं, तापतं आणि शेवटी मरतं. पिस्टन कुठं आहे हे कंट्रोलरला दिसत नाही. त्यासाठी पुढच्या पुलीवर छत्तीस दातांची एक लोखंडी चक्री बसवतात, त्यातला एक दात मुद्दाम काढलेला. समोर सेन्सर. दात सरकत जातात, सेन्सर मोजतो, आणि ती मोकळी खाच आली की पुन्हा पहिल्यापासून. माणसानं एकच गोष्ट सांगायची असते: पिस्टन माथ्याला असतो तेव्हा सेन्सरसमोर खाचेनंतरचा कितवा दात असतो. एक दात म्हणजे दहा अंश. तेवढा आकडा भरला की बाकीचं कंट्रोलर साहेबांच्या तक्त्यावरून बघतो.

हे मोजायला दोन माणसं लागतात. एकानं वर राहून प्लगच्या भोकात सळी धरायची, पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायचं आणि सळी सगळ्यात वर आली की थांबायचं. दुसऱ्यानं खाली झोपून दात मोजायचे. प्रतिभा ऑफिसात होती. रामाजी शेडमध्ये खाटेवर बसून बिडी ओढत होते.

रामाजी म्हणजे धम्मपालचे वडील. वय बहात्तर, नजर अजून घारीची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खळ्यांवर माप घातलं. स्वतःची शेती कधी नव्हती. आयुष्य गेलं ते दुसऱ्यांची ज्वारी पायलीनं मोजण्यात. पण मोजणारा कसा, तर मालक आणि घेणारा दोघंही डोळे मिटून बसायचे. पहिली पायली भरली की रामाजी "लाभ" म्हणायचे आणि ती बाजूला फडक्यावर ओतायचे, देवाची म्हणून. मग ओठांतल्या ओठांत मोज सुरू व्हायची, आणि ढीग संपला की फक्त शेवटचा आकडा मोठ्यानं सांगायचे. तो आकडा कुणी परत विचारायचा नाही. एकदाच, माणिकरावांच्या खळ्यावर, माणिकरावांच्या पोरानं गंमत म्हणून सगळा ढीग पुन्हा मोजून घेतला. आकडा तोच भरला. पण रामाजींनी पायली तिथंच ठेवली, न जेवता घरी आले आणि त्या खळ्याची पायरी पुन्हा चढले नाहीत. "ज्याले शंका हाय त्यानं सोता मोजावं," एवढंच म्हणाले. धम्मपाल तेव्हा सात वर्षांचा होता, बापाचं बोट धरून तोही उपाशी घरी आला होता. ती भूक त्याला अजून आठवायची.

"बाबा, जरा खाली झोपता का? दात मोजाचे हाय."

"दात? कोनाचे?"

"गाडीचे."

म्हातारा असा खूश झाला की विचारू नका. बिडी विझवली, गोणपाट अंथरलं, जीपखाली शिरला. धम्मपालनं खाच दाखवली, सेन्सर दाखवला, इथून इथपर्यंत म्हणून समजावलं. मग वर जाऊन सळी धरली, पाना फिरवला. सळी चढली, चढली, थांबली.

"मोजा!"

खालून पुटपुटणं ऐकू आलं. मग खळ्यावरच्या त्याच आवाजात आकडा आला.

"अकराऽऽ!"

धम्मपालनं लॅपटॉपमध्ये अकरा भरला. चक्रीवर पत्र्याचं झाकण घट्ट केलं, पंखा लावला, रेडिएटर बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. रामाजी संध्याकाळी हॉटेलात जाऊन सांगून आले की आता गाड्यांचे दातही आपणच मोजतो, हैदराबादहून काम आलंय. आठवड्याभरात सगळ्या बोथला ते माहीत झालं.

इंजिन चालू झालं. पण कसं? स्टार्टर मारला की उलटा झटका द्यायचं, लाथाडणाऱ्या म्हशीसारखं. एकदा चालू झालं की उभ्या उभ्या ठीक. रस्त्यावर नेलं, जरा चढ आला, ॲक्सिलरेटर दाबला की आतून टकटक टकटक, आणि तापमानाचा काटा वर.

धम्मपालनं आधी दात मोजणाऱ्या, क्रँकच्या सेन्सरला धरलं. त्याची वायर प्लगच्या वायरीजवळून गेली होती, ती लांबून फिरवली, जाळीची वायर घातली, तिच्या एका टोकाला नीट अर्थिंग दिलं. टकटक तशीच. मग हवेच्या तापमानाचा सेन्सर. तो सायलेन्सरच्या पाइपाजवळ बसला होता आणि सत्तर अंश दाखवत होता. आदिलाबादचा एप्रिल कितीही झाला तरी सत्तर नसतो. तो पुढं नेऊन बसवला, आकडा खाली आला, टकटक तशीच. थ्रॉटलचा सेन्सर पुन्हा शिकवला. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर उकळत्या पाण्यात घालून तपासला. प्रतिभाच्या चहाच्या पातेल्यात घातला, त्यावरून बोलणी खाल्ली. प्लग बदलले. पेट्रोल बदललं. रोज एक सेन्सर गुन्हेगार ठरायचा आणि रोज संध्याकाळी निर्दोष सुटायचा.

ठिणगी पडते त्याच क्षणी चमकणारा टायमिंग लाइट नव्हता का? होता. पुण्याहून येताना तेवढा एकच सोबत आणला होता. त्यानं तो पुलीवर धरला. कंट्रोलर सांगत होता ठिणगी दहा अंश आधी, आणि लाइटखाली पुलीवरची खूण दाखवत होती वीस. बरोबर दहाचा फरक. बरोबर एक दात.

हे पाहून पुण्यातला धम्मपाल दुसऱ्या मिनिटाला रेडिएटर खोलायला बसला असता. बोथचा धम्मपाल बसला नाही. त्यानं स्वतःला समजावलं की जुन्या पुलीच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं, रबर म्हातारं झालं की बाहेरची कडी सरकते आणि तिच्यावरची खूण खोटं बोलायला लागते. होतं असं, पुष्कळदा होतं. आणि दुसरीकडे बापाचं माप होतं, जे चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. लोखंडाच्या खुणेवर विश्वास ठेवायचा की बापावर? प्रश्न असा टाकला की उत्तर ठरलेलंच असतं. शहाण्या माणसानं तो असा टाकूच नये.

तरी एका दुपारी तो पाना घेऊन रेडिएटरसमोर बसलाच. पहिला बोल्ट सैल केला. मागून खाट करकरली.

"काऊन खोलून राह्यला रे? दात पाहाचे हाय का?"

आवाज साधाच होता. पण धम्मपालनं वळून पाहिलं तर म्हातारा उठून बसला होता आणि त्याच्याकडे त्या नजरेनं पाहत होता, ज्या नजरेनं त्यानं माणिकरावांच्या पोराकडे पाहिलं होतं.

"नाई बाबा. रेडिएटरचं पानी गयते का पाहून राह्यलो."

"मंग ठीक हाय."

बोल्ट पुन्हा घट्ट झाला.

महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा साहेबांचा फोन आला. धम्मपालनं सगळं सांगितलं, टायमिंग लाइटचंही सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं:

"माथा दोबारा नापा क्या? दाँत दोबारा गिने?"

रामाजी समोरच खाटेवर होते. धम्मपालच्या तोंडून निघून गेलं, "हाँ साहब. दोबारा गिने. बराबर है."

"पक्का?"

"पक्का."

"तो फिर पुली की निशानी सरकी होगी. ठीक है. कल चढाई पे लेके जाओ, पूरा जोर लगाके. मैं परसों आता, खुद."

एवढंच. एक वाक्य खोटं बोलला तो, तेही कुणाला लुबाडायला नाही. पण इंजिनला असली कारणं कळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजी धुतलेला सदरा घालून जीपमध्ये पुढं येऊन बसले. नको म्हणायची सोय नव्हती. हायवेचा लांब चढ लागला. धम्मपालनं तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. टकटक सुरू झाली, मग टकटकीचा खडखडाट झाला. पाय काढायला हवा होता. पण साहेबांचा तक्ता बरोबर, बापाचं माप बरोबर, सेन्सर सगळे बरोबर, मग हा आवाज येतोच कसा, या हट्टानं त्याचा पाय तसाच राहिला. आणखी दोनशे मीटर. मग आतून कुणीतरी दगड फेकल्यासारखा आवाज झाला, जीपचं सगळं बळ गेलं आणि मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला. तेलाचा वास आला. धम्मपालला वासावरूनच कळलं. रामाजी मात्र त्याच्याकडे पाहून म्हणाले, "पानी कमी पडलं का?"

ओळखीचा ट्रॅक्टर मिळाला, दोर बांधून जीप शेडला आली. दुपारी त्यानं इंजिनचा वरचा भाग, हेड, खोलला. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं, कडा वितळून गोल झालेल्या. तो भोकाकडे बराच वेळ पाहत बसला. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

तोंड धुवायला तो मागच्या बाजूनं घरात गेला. प्रतिभाच्या भावानं ज्वारी पाठवली होती आणि ती कोठीत भरायचं काम ओसरीवर चाललं होतं. प्रतिभा पोतं धरून, रामाजी पायली घेऊन.

"लाभ," रामाजी म्हणाले, आणि पहिली पायली शेजारच्या पातेल्यात ओतली.

"मामाजी, हे कोनाचं?" प्रतिभानं विचारलं.

"विहाराचं. पुनवेच्या जेवनाले." देव त्यांनी तरुणपणीच सोडले होते, भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. देवाच्या पायलीचा धनी बदलला होता, पायली तशीच निघत होती. मग त्यांनी दुसरी पायली भरली, कोठीत ओतली, आणि ओठ हलले: "एक."

धम्मपाल दारात उभा राहिला. तोंडावरून पाणी निथळत होतं.

तिसरी पायली. "दोन."

लाभ मोजत नाहीत. लाभ बाजूला काढतात. लहानपणापासून शंभर खळ्यांवर त्यानं हे पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि जीपखालचं पुटपुटणं ऐकताना त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं. खाचेनंतरचा पहिला दात त्याच्या बापानं देवाला दिला होता.

तो शेडमध्ये परत गेला. रेडिएटर काढला, पंखा काढला, झाकण काढलं. उघड्या सिलिंडरातून आता सगळं दिसत होतं, सळीचीही गरज नव्हती. पहिला पिस्टन माथ्याला आणला, वाकला आणि बोट ठेवून मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बारा. पुलीची खूणही जागच्या जागी होती, तिचं रबर जराही सरकलेलं नव्हतं. ती बिचारी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.

साहेब दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आले, मागून रिकामा ट्रक घेऊन. आले ते शांतपणे. काढून ठेवलेला तिसरा पिस्टन हातात घेऊन उन्हात धरला, भोकातून पलीकडे पाहिलं. रामाजी पुढं झाले. ओळख करून द्यायची वाट न बघता म्हणाले, "साहब, दाँत मैंने गिने. चालीस साल माप डाला मैंने. पूछो किसकू भी बोथ में."

"अच्छा?" साहेब मोकळेपणानं हसले आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग धम्मपालकडे वळले. "इंजन की फिकर नक्को कर. इंजन आते-जाते रहते. एकीच बात बता मेरेकू. गलती किधर थी? मिली?"

मिळाली होती. एका वाक्यात सांगता आली असती. सांगितली असती तर हा माणूस बहुधा त्याला आजच ट्रकमध्ये बसवून घेऊन गेला असता. पण ते वाक्य कसंही फिरवलं तरी त्यात अकरा यायचे आणि बारा यायचे, आणि शेजारी उभ्या माणसाला दुसरं काही येत नसलं तरी अकरा आणि बारा येत होते. धम्मपालनं बापाकडे पाहिलं. धुतलेला सदरा, वर केलेली मान.

"नहीं साहब," तो म्हणाला. "नहीं मिली."

साहेबांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. रेडिएटर काढलेला होता, झाकण काढलेलं होतं, बाराव्या दातावर खडूची ताजी रेघ होती. त्यांना ती दिसली की नाही, धम्मपालला शेवटपर्यंत कळलं नाही. "ठीक है," ते म्हणाले. पिस्टन त्यांनी कापडात गुंडाळून बरोबर घेतला. चौघांनी ढकलून जीप ट्रकवर चढवली.

तुम्ही म्हणाल, म्हातारा झोपल्यावर फोन करायचा होता. धम्मपालनंही तो विचार केला, आठ दिवस केला. पण फोन केला असता तर साहेबांनी पहिलं हेच विचारलं असतं, की मग दोबारा गिने म्हणालास ते? एक चूक बापाची होती, ती त्यानं झाकली. दुसरी त्याची होती, ती पहिलीच्या खाली आपोआप झाकली गेली. हे त्याला कळत होतं, म्हणून आपण बापासाठी काही फार मोठं केलं असं समाधानही त्याला मिळालं नाही.

ट्रक हायवेकडे वळल्यावर रामाजी खाटेवर येऊन बसले. बिडी पेटवली. दोन झुरके झाल्यावर विचारलं, "धम्मा, माप तं बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं बाबा. सेन्सर खराब होता."

"मले वाटलंच. परदेसी माल, त्याचा काय भरोसा." म्हाताऱ्यानं धूर सोडला. "पुढची गाडी आली का तिचेबी दात मीच मोजतो. तू दुसऱ्या कोनाले सांगू नको."

"हो बाबा. तुमीच मोजा."

मग एक मोटारसायकलवाला क्लच प्लेट घेऊन आला. धम्मपालनं ती बदलून दिली, हात पुसले आणि रंगाऱ्याला फोन लावला. पाटीतलं तेलुगूचं एक अक्षर राहून गेलंय, म्हणाला, सवड झाली की येऊन घालून दे.